विहिरीवरच्या पिंपळावर मोहोळं का बसेनात?

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंनी विचारलंय : "आमच्या विहिरीवरच्या पिंपळावर दिवाळीनंतर आग्या माशीची पंधरा-वीस मोहोळं लागायची. गेल्या पाच-सहा वर्षांत ती दोन-तीनवर आली आणि यंदा एकच लागलंय. मामंजी म्हणतात मोबाइलच्या टॉवरमुळे, मुलगा म्हणतो हवामान बदलामुळे. खरं काय? आणि मधपेट्या आणून ठेवल्या तर भरपाई होईल का?"

ताई, आधी टॉवरचं उरकून टाकतो. टॉवरच्याच सांगाड्याला आग्या मोहोळ लटकलेलं मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. त्यामुळे मामंजींचा मान राखूनही पहिला संशय मी तिथे घेणार नाही. तुमच्या मुलाचं बरंचसं बरोबर आहे. पण "ऊन वाढलं आणि माश्या मेल्या" इतकं ते सरळ नाही. पिंपळ जागेवर आहे, विहीर जागेवर आहे, मोहोळ बसायचं त्या फांद्याही तशाच आहेत. बिघडलीय ती वेळ. माशी ज्या दिवसांत येते त्या दिवसांत तिला तिथे खायला-प्यायला काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे.

मी मूळचा जावळीचा. तीस वर्षं माश्यांच्या मागे फिरतोय, त्यातली पहिली बारा सातेरीच्या पेट्या सांभाळण्यात गेली. रानातल्या माश्यांकडे नीट बघायला लागलो ते नंतर. त्यामुळे पुढचं काही पुस्तकातलं आहे आणि काही मांडी घालून बांधावर बसून पाहिलेलं.

आपल्याकडे मध साठवणाऱ्या देशी माश्या चार. झाडावर नाहीतर कड्यावर उघडं, एकच मोठं पोळं लावणारी आग्या. ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात समांतर पोळी लावणारी सातेरी. काटेरी झुडपात तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी. आणि डंख नसलेली, चिलटाएवढी काळी माशी, जिला काही जण पोया म्हणतात. पण यांच्यापेक्षा जातींनी कितीतरी जास्त अशा एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत, ज्यांना ना पोळं ना मध. तुमच्या बांधावर तरवडाच्या पिवळ्या फुलाला लोंबकळणारा काळा भुंगा, तुरीच्या पानाला गोल कात्री लावून तुकडा नेणारी माशी, पोटावर निळे पट्टे असलेली चपळ माशी, या सगळ्या त्यातल्याच. "माश्या कमी झाल्या" म्हणताना आपण आग्या आणि सातेरीच मोजतो. बाकीच्यांना नावच नाही, मग त्या गेल्याचं कळणार कुणाला?

आता तुमच्या पिंपळाकडे येऊ. आग्या बारा महिने एका जागी राहत नाही. पाऊस सरला की ती तुमच्याकडच्या पठारी मुलखात उतरते आणि ऊन फार चढलं किंवा पावसाला सुरुवात झाली की उठून जाते. दुसऱ्या देशांतल्या नोंदींत हा प्रवास शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंतचा दिसतो. थायलंडमध्ये वाटेत ठरावीक झाडांवर थव्यांनी मुक्काम केलेलेही नोंदवले आहेत, आपल्या वारीच्या मुक्कामासारखे. तीच राणी पुढच्या हंगामात त्याच झाडावर परत येते, हे आसाममध्ये जनुकीय तपासणी करून दाखवलंय. कामकरी माशी जगते काही आठवडे. मग वर्षभरानंतर नेमका तोच पिंपळ सापडतो कसा, हे कोडंच आहे. पण सापडतो.

तर हा थवा दिवाळीच्या पुढेमागे तुमच्या शिवारात येतो तो कशाच्या भरवशावर? पूर्वी शाळूच्या कडेला करडईच्या चार ओळी असायच्या, जनावर आत शिरू नये म्हणून. शाळूचा पराग माशी गोळा करते आणि करडई तर तिची आवडती. जोडीला सूर्यफूल आणि बांधावरची बोरी-बाभळ. हस्ताचा पाऊस पडून गेला की पेरण्या, मग थंडी, मग फुलोरा, अशी साखळी बसलेली होती. आता परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. २०१९ ला ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी तो हटला नव्हता, हे द्राक्षवाल्यांना विचारा. वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, नाही म्हणून पेरणी लांबते, फुलोरा लांबतो, आणि थवा मात्र आपल्या वेळेला येऊन बसतो. उलट २०२३ सारखं वर्ष आलं, ज्याचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला, तर माण-खटाव-जत पट्ट्यात रब्बीच उभी राहत नाही. आग्या आठ-दहा दिवस बघते आणि पुढे सरकते. तुम्हाला वाटतं मोहोळ लागलंच नाही. बऱ्याचदा ते लागलेलं असतं, कांदा, म्हणजे पोळ्याच्या वरच्या टोकाचा मधाचा भाग, भरायच्या आत उठलेलं असतं. पिंपळाखाली मेणाचे पांढरे पातळ तुकडे पडलेले दिसले तर समजा की येऊन गेली.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मी फार उशिरा शिकलो. मधमाशीच्या पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, साधारण ३३ ते ३६ अंशांची ऊब लागते. बाहेर थंडी असेल तर माश्या अंग थरथरवून ती तयार करतात. बाहेर ४१ असेल तर पाणी आणून पोळ्यावर त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे आपल्या वाळ्याच्या ताट्यांचाच प्रकार. आग्याचं पोळं उघडं असल्याने तिथे माश्यांचाच थरावर थर देऊन पडदा धरलेला असतो. म्हणजे दुपारी बारा ते चार निम्मं घर राखणीला आणि बाकीचं पाण्याच्या मागे. मध आणणार कोण?

म्हसवडच्या अलीकडे एका पाइपलाइनच्या गळक्या व्हॉल्व्हपाशी मी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता बसलो होतो. ओल जेमतेम ताटाएवढी. तिच्यावर सातेरी, फुलोरी आणि आग्या अगदी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. एरवी फुलावर एकमेकींना हुसकावणाऱ्या ह्याच माश्या. एक सातेरी ओल्या खड्याच्या कडेला तोंड लावून जवळजवळ मिनिटभर हलली नाही, मग पोट तट्ट फुगवून जड उडाली. पाच मिनिटांनी तिथे एक म्हैस आली आणि सगळा चिखल तुडवून गेली. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला असता तरी हेच झालं असतं. आसपास दुसरं पाणी नव्हतं. विहिरी आता शंभर फूट खोल, कठड्याच्या, आत उतरायला पायऱ्या नाहीत. ओढे फेब्रुवारीतच कोरडे. पूर्वीची मोट गेली, पाटाचं झिरपणारं पाणी गेलं. ठिबकने पाणी वाचलं हे चांगलंच झालं. पण माशीला ते दिसतसुद्धा नाही.

माझीच चूक सांगतो. एका वर्षी सातेरीच्या चार वसाहती मी पत्र्याच्या छपराखाली ठेवल्या, का तर वळवाचा पाऊस लागू नये. मे महिन्यात एका संध्याकाळी उघडल्या तर दोन पेट्यांत पोळी मऊ पडून तळाशी कोसळलेली, मध सांडलेला, त्यात माश्या चिकटलेल्या. मेण वितळायला साठाच्या वर अंश लागतात हे खरं, पण मधाने जड झालेलं पोळं चाळिशीतच लवायला लागतं. रानातल्या सातेरीला जाड खोडाची ढोली मिळाली तर ती वाचते. त्या जाडीची झाडं मात्र रस्ता रुंद होताना सगळ्यात आधी जातात. मग ती जाते कुठे? विजेच्या डबड्यात, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, शाळेच्या खिडकीच्या पेटीत. तिथे तापतंही जास्त आणि औषध फवारणारा माणूसही लवकर येतो.

आता जमिनीतल्या माश्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. एकट्या राहणाऱ्या माश्यांत बहुसंख्य जमिनीत बिळं करतात. उघडी, टणक, थोड्या उताराची, सकाळचं ऊन लागणारी माती त्यांना लागते. बांधाची पूर्वेकडची बाजू म्हणजे त्यांची आळी. मादी वीत-दीड वीत खोल बीळ करते, तळाशी लहान लहान खोल्या करते, प्रत्येक खोलीत पराग आणि मकरंदाची एक गोळी ठेवून तिच्यावर एक अंडं घालते आणि दार बंद करते. आई तेवढ्यावर मरते. आतलं पिल्लू ती गोळी खाऊन वाढतं आणि कोरडे महिने झोपून काढतं. जमिनीत ओल उतरली, ऊब बदलली, की वर यायचं. खुणेवर चालणारा हा कारभार आहे.

२०२५ चा मे आठवा. रोहिणी लागायच्या आधीच धो-धो पाऊस. माण-फलटणकडे ओढ्यांना पूर आले आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचला, त्याआधीच्या पंच्याहत्तर वर्षांत तो तिथे इतक्या लवकर पोहोचला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वडूजच्या बाजूला एका ओळखीच्या बांधावर गेलो. आदल्या हिवाळ्यात तिथे मी चाळीसभर बिळं खडूने खुणा करून ठेवली होती. खुणा अर्थातच धुऊन गेल्या होत्या, पण जागा पाठ होती. खुरप्याने हळूहळू माती काढली. पहिल्या सहा खोल्यांत परागाच्या गोळ्या होत्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. पाच गोळ्यांवर पांढरी बुरशी, कापूस लावल्यासारखी. सहावीवर पिल्लू होतं, जिवंत. ते तसंच झाकून ठेवलं. पलीकडे दोन बिळांतून माश्या बाहेर पडून गेलेल्या. पण गेल्या कुठे? शेतात नांगरटीची ढेकळं, बांधावर अजून काहीच फुललेलं नाही. त्यांच्या वाट्याला आलेले पंधरा-वीस दिवस पहिलं फूल यायच्या आत संपले असणार. एका बांधावरून सिद्धांत मांडायला मी शास्त्रज्ञ नाही, पण तो बांध डोळ्यांसमोरून हटत नाही.

नदीकाठालाही हेच, उलट्या बाजूने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, गावं आठवडाभर पाण्यात राहिली. तेव्हा जनावरांची, पिकांची नोंद झाली. मळीच्या मातीतली माश्यांची बिळं सहा-सात दिवस पाण्याखाली होती, त्यांचा पंचनामा कोण करणार? दोन वर्षांनी जुलैत पुन्हा तेच.

घाटावरची तऱ्हा वेगळी. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या रानात पाऊस नवा नाही. पावसाळा म्हणजे सातेरीचा दुष्काळच असतो. जांभूळ, गेळा, हिरडा यांच्यावर फाल्गुन ते वैशाखात साठवलेलं तिला भाद्रपदापर्यंत पुरवायचं असतं. त्यात तिला वाचवते ती उघडीप. दोन तास ऊन पडलं की ती बाहेर पडते, तेरड्यावर, कारवी फुलेल त्या वर्षी कारवीवर, मिळेल ते आणते. माशीला पावसाचे मिलिमीटर कळत नाहीत, उघडीप कळते. आणि तीच आता बेभरवशाची झालीय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दाखवलंय. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. माण तालुक्यात वर्षाला त्यापेक्षा कमी पडतो. त्या पावसात पाटणकडे दरडी कोसळून माणसं गेली, तिथे माश्यांचं बोलायला जीभ उचलत नाही. पण ढोल्यांची जुनी झाडंही त्या दरडींबरोबर गेली, हे खरं आहे.

कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कवला, तेरडा, गेंद, सगळ्यांना त्या पाच-सहा आठवड्यांतच बी धरायचं, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या लहान माश्यांना त्याच आठवड्यांत पिलं वाढवायची. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते. फुलं दिसावीत म्हणून लोक शनिवार-रविवार बघून येतात, माशीला ती सोय नाही. भर फुलोऱ्यात दहा दिवस धुकं आणि संततधार राहिली की तो हंगाम गेला. आणि ऊन वाढलं म्हणून गार हवेकडे वर सरकायचं म्हटलं, तर हिमालयात वर जागा आहे. आपला सह्याद्री इथे चौदाशे-सव्वाचौदाशे मीटरला संपतो. त्याच्या वर आभाळ.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं हवामानाच्या डोक्यावर मारणं हीसुद्धा एक पळवाटच. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी आलं, कोरडवाहू माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा हिरवं दिसलं. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण पाणी आलं की ऊस येतो आणि उसात माशीला काहीच नाही. तोडणीआधी तुरा आला तरी त्याच्यात मकरंद नसतो. सोबत बांध कोरले गेले. चार फुटांचा बांध आता एका पावलाचा राहिलाय, तोही तणनाशक मारून तांबडा. तरवड, घायपात, बोर, हिवर सगळं त्यात गेलं. घायपाताच्या वाळक्या दांड्यात भुंगा घर करतो. दांडे जाळले की भुंगा गेला. आणि भुंगा गेला की शेवग्याला शेंग कमी लागते, कारण शेवग्याच्या फुलावर खरं काम त्याचंच. तरवडाचं फूल तर असं की पराग नळीत कोंडलेला. भुंगा फुलाला मिठी मारून पंख न हलवता अंग थरथरवतो, त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो आणि पराग पिठासारखा त्याच्या पोटावर पडतो. वांग्या-टोमॅटोच्या फुलाचीही हीच रीत. आपल्या मधमाशीला हे जमत नाही.

हवामान आणि फवारणी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असंही समजू नका. अवकाळी पाऊस आला की तासगाव-खानापूरकडे द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, मग दिवसाआड बुरशीनाशक. बिचाऱ्याचं कर्ज बागेत अडकलेलं, तो फवारणारच. पण काही बुरशीनाशकं कीटकनाशकाबरोबर टाकीत एकत्र गेली की माशीला ती नुसत्या कीटकनाशकापेक्षा जास्त घातक ठरतात. द्राक्षाला माशीची फारशी गरज नसते, म्हणून बागायतदाराला तोटा दिसत नाही. शेजारच्या बी-कांद्याच्या डेंगळ्यांना, म्हणजे फुलांच्या दांड्यांना, दिसतो.

पेट्यांचं विचारलंत. मेलिफेरा या परदेशी पाळीव मधमाशीच्या पेट्या आणल्यात तर कांद्याचं बी, सूर्यफूल यांना फायदा होईल, जरूर आणा. पण त्याला रानमाशीची भरपाई म्हणू नका. शेळ्या पाळल्या म्हणून रानातली हरणं वाढत नाहीत. फुलं मुळातच कमी असताना पन्नास पेट्या आल्या तर तुमच्या फुलोरीच्या तोंडचं जाईल. सातेरीची पेटी घाटाकडे चांगली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते सातेरीच्या जोरावर. तुमच्या उन्हात मात्र तिला गर्द सावली आणि रोजचं पाणी देता येणार असेल तरच विचार करा. आणि रानातलं मोहोळ पकडून पेटीत भरू नका, त्याने रान रिकामं होतं.

करायचंच असेल तर पाण्यापासून सुरू करा. पिंपळाच्या सावलीत उथळ घमेलं, आत खडे किंवा गोणपाट, म्हणजे माशी बुडत नाही. माघात सुरू करा, चैत्रात नव्हे. एकदा सुरू केलं की पावसापर्यंत एकही दिवस खंड नको, कारण माश्या त्या जागेवर विसंबतात. बांधाचा पूर्वेकडचा एक तुकडा, वीस-पंचवीस फूट, नांगर आणि तणनाशक दोन्हींपासून वाचवा. तिथे काही लावूही नका, उघडी मातीच हवी. बाकी बांधावर झाडं लावताना फुलायचे महिने बघा : पांगारा आणि पळस शिमग्याच्या आसपास, कडुनिंब चैत्रात, करंज उन्हात, चिंच पावसाच्या तोंडावर, बोर पावसाळ्यात आणि शेवगा मध्ये मध्ये कधीही. तरवड आपोआप उगवतो, फक्त उपटू नका. शाळूच्या कडेला करडईच्या चार ओळी परत आणता आल्या तर आणाच, तेलही घरचं होईल. माळावरचं गवत पेटवायची पद्धत असेल तर गावात बोलून बघा. वणव्यात फुलोरीचं पोळं झुडपासकट जातं, आणि आता गवत महिनाभर आधीच वाळतं. फवारणी दिवस मावळल्यावर. भुंगे आणि आग्या चांदण्यातही बाहेर पडतात, म्हणून फुलात असलेल्या पिकावर तीही टाळलेली बरी.

राहिलं यंदाचं ते एक मोहोळ. ते झाडायला कुणीतरी येईल, चूड घेऊन, रात्री. पोळं पूर्ण कापलं की पिलावा गेला आणि माश्या निम्म्याहून अधिक जळाल्या. मध हवाच असेल तर पोळ्याच्या वरच्या टोकाचा कांदा तेवढा कापणारा, धूर देऊन काम करणारा माणूस शोधा. यंदा मात्र तेही नको. ते वैशाखापर्यंत राहिलं आणि आपल्या मनाने उठलं, तर तीच राणी परत यायची आशा आहे. मामंजींना सांगा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते कधी लागलं आणि कधी उठलं त्या तारखा लिहून ठेवा. पिंपळावर पूर्वी नेमक्या कुठल्या फांद्यांवर लागायची, तेही त्यांनाच आठवत असेल.